मागून आलेली हाक

मिस्टर जेम्सना मी पहिल्यांदा घाबरवलं ते त्यांचा हातमोजा परत करताना. इंग्लंडमधल्या रीडिंग गावी त्या घरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. एकमेकांना खेटून बांधलेली विटांची घरं, पुढे फुटपाथ, मागे चिमूटभर बाग आणि सगळ्या बागांच्या मागून जाणारी एक अरुंद गल्ली. त्या गल्लीतून शेजारचे म्हातारे गृहस्थ माझ्या पुढे चालले होते आणि त्यांच्या खिशातून मोजा पडला. मी तो उचलला आणि आपल्याकडे मारतात तशी मोकळ्या गळ्याने हाक मारली, "एक्स्क्यूज मी!" ते थांबले नाहीत. मी पुन्हा ओरडले, तशी त्यांनी चाल वाढवली. मी धावले, तेही जवळजवळ धावू लागले, आणि शेवटी आपल्या फाटकाशी पोचून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला, टाय लावलेला सभ्य माणूस, आणि चेहरा असा, की माझ्या हातात मोजा नसून सुरी असावी.

"समोर या," ते धापा टाकत म्हणाले. "आधी समोर या, मग हाक मारा. नेहमी."

ते बोलायचे अर्थातच इंग्रजीत. मी इथे माझ्या मराठीत सांगते आहे. मी समोर जाऊन, पुन्हा एकदा, अगदी हळू "एक्स्क्यूज मी" म्हटलं आणि मोजा दिला. त्यांनी थँक यू म्हटलं आणि आत जाऊन दाराला दोन कड्या लावल्या. कड्यांचा आवाज मला बाहेर ऐकू आला. माझा नवरा श्रीकांत संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी त्याला सांगितलं, "शेजारचे आजोबा जरा सर्किट आहेत हं."

त्यांच्या मागच्या फाटकाच्या खांबावर बसचा आरसा बसवलेला होता. बाजूचा, लांबट, खऱ्या बसचा. मिस्टर जेम्सनी आयुष्यभर बस चालवली होती. गल्लीतून येताना ते त्या आरशात बघत बघत फाटक उघडायचे. पुढे ओळख वाढल्यावर मी आरशाबद्दल विचारलं, तर म्हणाले, "बसची नोकरी मी का धरली माहीत आहे? मागे बसलेले सगळे आरशात दिसतात म्हणून." आणि मग त्यांचं ठेवणीतलं वाक्य: "भीती आरशात दिसली की अर्धी होते. उरलेली अर्धी माझी मी सांभाळतो."

मी हसले होते. भीतीवर हसण्याचे ते दिवस होते. पुढच्या जुलैत लंडनच्या गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि आमचं हसणं आटोपलं.

ज्यांनी तो उन्हाळा तिथे काढला नाही त्यांना कसं सांगावं? कोणी आम्हाला काही केलं नाही. फक्त ट्रेनमध्ये श्रीकांतच्या शेजारची सीट रिकामी राहू लागली. त्याची पाठीवरची सॅक बघून एक बाई पुढच्याच स्टेशनवर उतरून दुसऱ्या डब्यात गेली. त्या दिवसापासून तो जेवणाचा डबा एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीतून नेऊ लागला, पोळी-भाजीच आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून. त्याने दाढी रोज करायला सुरुवात केली. मी फोनवर चिपळूणला आईशी बोलताना बसमध्ये आवाज खाली आणू लागले. आम्ही घाबरलो आहोत असं एकमेकांना मात्र म्हणत नव्हतो. आमच्या घरात एक नऊ वर्षांची मुलगी होती ना.

ती मुलगी म्हणजे सई. खरी भीती होती ती तिच्यासाठी. शाळेतून येताना कोपऱ्यापर्यंत मैत्रीण असायची, पुढे गल्लीतला तुकडा एकटीचा. तिथे चार थोराड पोरं सायकली आडव्या टाकून बसायची. एकदा सई घरी आली ती जिन्यावर जाऊन बसली आणि तिने विचारलं, "आई, पाकी म्हणजे काय?"

श्रीकांत पुण्याचा. समोरचा चुकला की त्याची चूक दुरुस्त करून द्यायची, हे त्याच्या रक्तातच आहे. त्याने सईला समोर बसवून पाठच करून घेतलं: "वी आर नॉट पाकिस्तानी. वी आर इंडियन." तिने दुसऱ्या दिवशी ते त्या पोरांना स्वच्छ उच्चारात सांगितलं. ती पोरं हसून हसून लोळली आणि त्यांनी तिचं नाव विचारलं. एवढी नीट उत्तरं देणारी मुलगी. तिने नावही सांगितलं. तेव्हापासून ती पोरं तिला मागून नावाने हाका मारू लागली. कधी तो शब्द, कधी "सई, युअर मम्स हिअर!" ती वळायची. मागे मी नसायची.

हे सगळं सई कुंपणापाशी मिस्टर जेम्सना सांगत होती आणि मी दोरीवरचे कपडे काढत होते. "वी आर इंडियन" हे वाक्य ऐकताच त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"नको," ते म्हणाले. "तसं सांगायचं नाही. तो शब्द तू कोण आहेस हे विचारत नसतो, बेटा. उत्तर दिलंस की तो तुझा होतो."

मग त्यांनी मला आत बोलावलं आणि चहा केला. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच गेले. प्रत्येक खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवलेली होती. तिथे त्यांनी सांगितलं, की त्यांचं नाव जेम्स नाही. दिएगो आहे. गाव बिल्बाओ, स्पेनच्या उत्तरेला. स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू असताना, गावावर बॉम्ब पडत असताना, तिथली हजारो मुलं एका जहाजात भरून इंग्लंडला पाठवली होती. त्यांतले ते एक, सात-आठ वर्षांचे. पुढे युद्ध संपलं, बरीच मुलं परत गेली. यांना परत बोलावणारं कोणी उरलं नव्हतं.

"शाळेत मुलं मला डेगो म्हणायची," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी दाराकडे बघून, खालच्या आवाजात उच्चारला. आपल्याकडे सापाचं नाव घेताना काढतात तसा. "मला वाटलं, यांची काहीतरी चूक होते आहे. तुझ्या नवऱ्यासारखंच. मी त्यांना समजावलं, की मी बास्क आहे, आमची भाषा वेगळी, स्पॅनिश लोकांशी आमचं तर पटतही नाही. एकदा गल्लीत त्यांनी मागून तोच शब्द टाकला आणि मी वळलो, आणखी एकदा नीट समजावून सांगायला."

त्यांनी भुवईवरची पांढरी रेघ दाखवली. दगड तिथे लागला होता.

मोठं झाल्यावर त्यांनी लायब्ररीतल्या जाड शब्दकोशात तो शब्द काढला. अर्थ ठाऊक होताच, त्यांना मूळ हवं होतं. आणि तिथे त्यांना स्वतःचंच नाव सापडलं. जुन्या काळी इंग्रज खलाशांना स्पेनच्या जहाजांवर दर दुसरा माणूस दिएगो नावाचा भेटायचा. म्हणून प्रत्येक स्पॅनिश माणूस दिएगो. मग त्या नावाचे कोपरे घासले गेले, त्यात थुंकी मिसळली आणि ते स्पॅनिशांना, पोर्तुगीजांना, इटालियनांना, जो जरा सावळा दिसेल त्याला फेकून मारायला वापरलं गेलं. "म्हणजे बघ," ते म्हणाले, "माझ्या आईने मला प्रेमाने जे नाव ठेवलं, ते इथे माझ्या जन्माआधीच घाण करून ठेवलेलं होतं. मी ते कुठे वापरणार?" चर्चमधले फादर म्हणाले, दिएगो आणि जेम्स एकाच संताची नावं, त्यांनी ते मुकाट धरलं. "आता काही प्रोफेसर म्हणतात की तसं काही नाही, दोन्ही नावं वेगळी आहेत. मला आता उशीर झाला." आणि ते हसले. मी मनात हिशेब करत होते, की सई सत्तर वर्षांची होईल तेव्हाही खुर्च्या भिंतीला लावूनच बसेल का.

त्याच सुमारास आई चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आली. आईला इंग्रजी येत नाही आणि त्याची तिला कधी अडचणही वाटली नाही. कुंपणावरून वाटीची देवाणघेवाण दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. मी तिला विश्वासात घेऊन शेजाऱ्यांचं खरं नाव सांगितलं; ते आमच्या स्वयंपाकघराबाहेर जायचं नाही, अशी शपथही घातली. तिने ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि सोडून दिलं. एके दिवशी पातोळ्यांची बशी घेऊन ती कुंपणाशी गेली आणि तिने त्यांच्या पाठीमागून साद घातली, "ओ दिगूभाऊ!"

मिस्टर जेम्स पांढरेफटक पडले. आईला वाटलं चक्कर आली. मी धावत गेले आणि समजावलं, की आमच्याकडे दिगंबर नावाचे देव आहेत, आणि घरोघरी त्या नावाच्या मुलांना दिगू म्हणतात. त्यांनी विचारलं, "कोण म्हणतं?"

"आई. बहिणी. जेवायला हाक मारणारं कोणीही."

"पण तेही नाव मोडणंच झालं."

मी हे आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "सांग त्यांना, भाकरीही मोडतात आणि हाडही मोडतात." मी सांगितलं. त्यांनी पातोळी खाल्ली, हळदीच्या पानासकट. पान खायचं नसतं हे सांगेपर्यंत ते संपलंही होतं. पण त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात, दार लावून घेतल्यावर, ते दिगू झाले. सईचे दिगूआजोबा.

मागून आलेल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा त्यांचा नियम ऐकून आईला काहीच नवल वाटलं नाही. "बरोबरच आहे त्यांचं. हाकामारी असते," ती म्हणाली, आणि आमच्या कोकणातली ती सगळी भीती तिने टेबलावर मांडली. तिन्हीसांजेला दारात येऊन ओळखीच्या आवाजात हाक मारणारी बाई. ओ दिलीत की संपलात. मात्र ती तिसरी हाक मारत नाही. म्हणून दोन हाका जाऊ द्यायच्या, तिसरीला ओ द्यायची. मी भाषांतर करत होते आणि दिगूभाऊ मान डोलवत होते. कुठल्या तरी जुन्या दुखण्याचं नाव अखेर डॉक्टरांनी सांगावं तसे. सई डोळे मोठे करून दोघांकडे बघत होती. मी आईला गप्प करायला हवं होतं. पण त्या घरात त्या वर्षी भीतीबद्दल मोठ्याने बोलणारी ती एकटीच होती, आणि ते बरंही वाटत होतं.

"आणि आईने हाक मारली तर?" दिगूभाऊंनी विचारलं. "स्वतःच्या आईने?"

आई म्हणाली, "आईची पहिलीच हाक खरी. तिला तिसरीपर्यंत ताटकळत ठेवायचं नसतं."

ते ताटावरून उठून खिडकीशी गेले. आमच्याकडे पाठ करून ते उभे राहिले, हे मी प्रथमच पाहिलं. धक्क्यावरून जहाजाकडे जाताना मुलांची रांग होती, ते सांगू लागले. मागून, गर्दीतून, त्यांच्या आईने "दिएगो!" म्हणून हाक मारली. रांग सांभाळणारी मोठी मुलगी म्हणाली, वळू नकोस, वळलास तर रडशील. ते वळले नाहीत. "ज्या हाकेला वळायचं तिला वळलो नाही," ते म्हणाले, "आणि मग नको त्या हाकेला वळलो." आईला हे मी मराठीत सांगितलं. तिने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

नोव्हेंबरात तिकडे साडेचारलाच अंधार होतो. मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर अर्धा दिवस काम करायची. त्या दिवशी घरी आले तर आई दारातच उभी. "सई आली नाही अजून." श्रीकांत मेडनहेडला, ऑफिसात. मैत्रिणीकडे फोन केला. ती म्हणाली, कोपऱ्यापर्यंत बरोबर होतो. कोपऱ्यापासून आमचं फाटक म्हणजे ती गल्ली. मी चप्पल न घालताच मागच्या दाराने गल्लीत पळाले.

एकच दिवा, टोकाला. त्याच्याखाली ती चार पोरं. त्यांच्या पायाशी सईची शाळेची बॅग. मी "सई!" म्हणून हाक मारली, आणि माझा आवाज माझाच मला ओळखू येईना. लगेच त्यांतल्या एकाने तो तसाच्या तसा काढला, चिरका, कापरा, "सईऽऽ!" बाकीचे हसले. मी पुन्हा हाक मारली, त्यांनी पुन्हा नक्कल केली. तिसरी, चौथी. माझ्या प्रत्येक हाकेच्या पाठोपाठ त्यांच्या चार. तेव्हा मला कळलं. सई इथेच कुठेतरी होती, ऐकतही होती, आणि ओ देत नव्हती. आमची शहाणी मुलगी आम्ही दोन्हीकडून शिकवलेलं सगळं पाळत होती. अंधारात तिच्या नावाने जो तो हाका मारत होता, आणि त्यांतली आईची कुठली हे तिला ठरवता येत नव्हतं. त्या क्षणी मला वाटलेली भीती मी पुन्हा कधी अनुभवली नाही. माझं मूल हाकेच्या अंतरावर होतं, आणि माझ्या तोंडात त्याला बोलावण्यासारखी हाक उरली नव्हती.

शेजारचं फाटक वाजलं. दिगूभाऊ बाहेर आले. पायात घरातल्या सपाता, टाय नाही. आरशात त्यांनी सगळं पाहिलं असणार. ते माझ्या अंगावरून पुढे गेले आणि गल्लीच्या मधोमध, त्या पोरांकडे पाठ करून उभे राहिले. त्यांची पाठ! मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, वळा. त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि स्वतःलाच हाक मारावी तसे ओरडले:

"दिगू! सई, इट्स दिगू! दिगूआजोबा!"

दार लावून जपलेलं नाव त्यांनी भर गल्लीत टाकलं. पण हे नाव त्या पोरांपैकी कोणाला ठाऊक नव्हतं, अख्ख्या रीडिंगमध्ये ठाऊक नव्हतं. ते आमच्या स्वयंपाकघरातलं होतं. पोरांना नक्कल करायची सुचायच्या आत कचऱ्याच्या डब्यांमागून अगदी बारीक आवाज आला, "ओ."

मी तिला उचललं. "आई, मी तुला ऐकला," ती माझ्या मानेत तोंड खुपसून तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "पण तुझा आवाज वेगळी होती."

इकडे त्या पोरांतल्या एकाला 'दिगू'वरून दुसऱ्याच शब्दाचा शोध लागला होता. तो शब्द आता तिथेही जुना झाला आहे, तरुण पोरं तो सहसा वापरत नाहीत. पण काही घरांतून असे शब्द पितळेच्या भांड्यांसारखे आजोबांकडून नातवाकडे येतात. "ओय," तो ओरडला, "डेगो!"

दिगूभाऊ वळले. सावकाश वळले, आणि त्याच्याकडे चेहरा करून उभे राहिले. त्यांच्या पँटच्या कडा हलताना मला दिसत होत्या. वारा नव्हता.

"माझं नाव दिएगो आहे," ते म्हणाले. "त्या शब्दाच्या आधीपासून. बोल, काय काम आहे?"

त्या पोराकडे काहीच काम नव्हतं. एवढ्यात आमच्या फाटकातून आई उलथणं घेऊन आली. ती पोरं सिनेमातल्यासारखी पळून गेली नाहीत. बॅगेला लाथ मारून, हसत, सायकली ढकलत, सावकाश गेली. घरात आल्यावर आईने मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि सईची दृष्ट काढली, आणि लागलीच दिगूभाऊंचीही.

त्या दिवसानंतर ते शूर झाले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पुढचे कित्येक दिवस ते बाहेर पडले नाहीत. एका दुपारी फाटकावरचा आरसा कोणीतरी विटेने फोडला. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. दिगूभाऊंनी काचा वेचल्या आणि दुसरा आरसा लावला नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "भीती अजून तेवढीच आहे. पण आता ती कोणाच्या आवाजात बोलते ते मला कळतं." सईला मी रोज शाळेतून आणायला जाऊ लागले. परत भारतात जायचं का, यावर श्रीकांत आणि मी कुजबुजत भांडलो, आणि राहिलो. आई गेली तेव्हा टॅक्सीत बसताना दिगूभाऊंसमोर जाऊन उभी राहिली आणि मगच म्हणाली, "येते हं." तिला त्यांचा नियम पाठ झाला होता.

पुढे आम्ही मेडनहेडला घर घेतलं. ते थकत गेले आणि एका केअर होममध्ये राहायला गेले. तिथल्या नर्सेस त्यांना जेम्स म्हणायच्या. डॉक्टरांनी फार दिवस नाहीत असं कळवलं तेव्हा आम्ही गेलो. सई आता तेरा वर्षांची, माझ्या खांद्याएवढी. खोलीचं दार उघडं होतं. चाकाच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून ते बसले होते. त्यांना असं कोणी बसवलं म्हणून मी मनात चिडले. नर्स हळूच म्हणाली, आता ऐकू फारसं येत नाही, कोणी बोलावलं तरी बघत नाहीत.

समोर जाऊन मगच हाक मारायची, हे सईला मी गाडीत दोनदा बजावलं होतं. पण तिला राहवलं नाही. दारातूनच, त्यांच्या पाठीमागून, आपल्याकडे मारतात तशी मोकळ्या गळ्याने तिने हाक मारली, "दिगूआजोबा!"

माझा हात तिच्या तोंडाकडे गेला, पण हाक निघून गेली होती.

पांढरं डोकं हललं. दोन्ही हातांनी खुर्चीचं चाक धरून, फार कष्टाने, पहिल्याच हाकेला ते वळले.

"ओ," ते म्हणाले.